शेजारची शाळा नाकारली तर: इंग्लंडमध्ये रिसेप्शनच्या जागेसाठी अपील कसं करायचं

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की शाळेच्या मैदानावरचा गलका ऐकू येतो. धाकटी तीन वर्षांची असल्यापासून त्याला ‘माझी शाळा’ म्हणायची. १६ एप्रिलला रिसेप्शनच्या, म्हणजे इथल्या शाळेतल्या पहिल्या वर्गाच्या, प्रवेशाचा ईमेल आला तेव्हा कळलं की ती तिची शाळा नाही. जागा मिळाली होती दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत, एक बस बदलून.

साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन आला. “अगं, कुणाला तरी जाऊन भेटा की. देणगीबिणगी काय असेल ती देऊन टाका.” इथल्या सरकारी शाळांत देणगी चालत नाही, ओळख चालत नाही. हेडटीचरला भेटून फार तर चहा मिळेल. अपील मात्र करता येतं. तो कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

मी अपील केलं आणि हरले. हरल्यावर नियम नीट वाचले, तेव्हा लक्षात आलं की मी तीन पानं भरून लिहिलं होतं ते सगळं चुकीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पुढच्या वर्षी मैत्रिणीला मदत केली आणि तिला जागा मिळाली. त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. हे फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये पद्धत वेगळी आहे.

१. मिळालेली जागा आधी स्वीकारा

रागाच्या भरात पहिला विचार येतो तो ही जागा नाकारण्याचा, म्हणजे आपलं म्हणणं ठाम दिसेल असं वाटतं. असं करू नका. मिळालेली जागा स्वीकारल्याने अपिलावर काडीचाही परिणाम होत नाही आणि वेटिंग लिस्टवरचं नावही मागे जात नाही. नाकारलीत आणि अपीलही हरलात, तर सप्टेंबरमध्ये मूल घरी. कौन्सिलने (म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाने) एक जागा देऊ केली होती, दुसरी शोधून देण्याची घाई तिला नसते.

मिळालेली शाळा फारच लांब असेल तर एक गोष्ट विचारून ठेवा. सक्तीच्या शिक्षणाच्या वयात आलेल्या, ८ वर्षांखालच्या मुलाची शाळा चालत २ मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ३.२ किलोमीटरपेक्षा दूर असेल आणि जागा मिळू शकणारी सर्वांत जवळची योग्य शाळा तीच असेल, तर कौन्सिलला मोफत वाहतूक द्यावी लागते. सक्तीचं वय पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सुरू होतं. म्हणून रिसेप्शनच्या मुलाला आपली कौन्सिल काय देते ते आधीच विचारा.

२. नकाराच्या पत्रातल्या चार गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवा

पत्र वाचताना डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे कामाच्या ओळी निसटतात. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून हे शोधा:

- तुमचा अर्ज कोणत्या गटात धरला: भावंड, वैद्यकीय किंवा सामाजिक कारण, धर्म, की नुसतं अंतर?
- तुमचं अंतर किती मोजलं, आणि जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाचं किती होतं?
- त्या वर्षाची ठरलेली प्रवेशसंख्या किती? इथे तिला ‘पॅन’ म्हणतात. आपल्या पॅन कार्डाशी तिचा काही संबंध नाही, पण पहिल्यांदा ऐकताना मीही दचकले होते.
- प्रवेशाचा निर्णय घेणारं कोण?

चौथी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. कम्युनिटी शाळा (कौन्सिल चालवते ती) असेल तर निर्णय कौन्सिलचा. अ‍ॅकॅडमी (सरकारी पैशांवर, पण ट्रस्ट चालवतो ती), फाउंडेशन किंवा व्हॉलंटरी एडेड (बहुतेक चर्चच्या) शाळा असेल तर निर्णय शाळेचा किंवा तिच्या ट्रस्टचा असतो. अर्ज कौन्सिलच्या वेबसाइटवर भरला म्हणून अपीलही तिथेच पाठवलं, आणि ते फिरून शाळेकडे जाईपर्यंत मुदत संपत आली, असं आमच्या गल्लीतच झालेलं आहे. अपील कुणाकडे पाठवायचं ते पत्रात लिहिलेलं असतं.

आमच्या पत्रात होतं: गट ‘अंतर’. आमचं ०.२२ मैल, शेवटच्या मुलाचं ०.१९. फरक पन्नासेक मीटरचा. हा आकडा मी इतक्या वेळा वाचला की तो अजून पाठ आहे.

३. वर्ग ३० चा आहे का ते बघा

मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तीन पानं लिहिण्याचे कष्ट वाचले असते.

रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं ठेवता येत नाहीत. ही मर्यादा १९९८ च्या कायद्यातून आलेली आहे. काही ठरावीक अपवाद आहेत. उदाहरणार्थ, जुळ्यांपैकी एकाला तिसावी जागा मिळाली तर दुसऱ्याला एकतिसावा म्हणून घेता येतं. त्या अपवादांत बसत नसाल, तर पॅनलला (अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र मंडळाला) तुमची कितीही दया आली तरी फार काही करता येत नाही.

प्रवेशसंख्या ३०, ६० किंवा ९० असेल तर तुमचं अपील जवळजवळ नक्की या ‘इन्फंट क्लास साइझ’ प्रकारात मोडतं. ४५ असेल तरी खूश होऊ नका. अशा शाळा पुढे इयर वन आणि इयर टूची मुलं एकत्र करून ३० चे वर्ग भरतात, आणि पुढे मर्यादा मोडेल हे कारणही ग्राह्य धरलं जातं. संख्या २५ किंवा २८ असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे लगेच येते.

३० च्या प्रकारात पॅनलपुढे चारच दारं असतात:

क) मूल घेतलं तरी ३० ची मर्यादा मोडत नाही.

ख) प्रवेशाचे नियमच कायद्याला किंवा सरकारच्या प्रवेशसंहितेला धरून नव्हते, आणि ते बरोबर असते तर तुमच्या मुलाला जागा मिळाली असती.

ग) नियम ठीक होते, पण तुमच्या अर्जाला ते चुकीचे लावले गेले, आणि बरोबर लावले असते तर जागा मिळाली असती.

घ) नकाराचा निर्णय इतका अवाजवी आहे की कुठल्याही समंजस अधिकाऱ्याने तो घेतलाच नसता.

चौथं दार दिसतं मोठं, पण आत शिरणं फार अवघड. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याने ते उघडत नाही. शिवाय तिथे पॅनल मुख्यतः निर्णयाच्या वेळी कौन्सिलसमोर काय होतं तेच बघतं. मुलाला दमा आहे, डॉक्टरांचं पत्र आहे, पण ते पत्र तुम्ही मे महिन्यात जोडताय? १५ जानेवारीच्या मुदतीत अर्जासोबत दिलं असतं तर वैद्यकीय गटात त्याचा विचार झाला असता. ज्यांचं मूल अजून तीन वर्षांचं आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा.

मी काय लिहिलं होतं? खिडकीतून ऐकू येणारा गलका. सासूबाई सहा महिने इथे असतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्या नातीला चालत सोडू शकतील. आम्ही दोघं नोकरी करतो. मुलीची मैत्रीण त्याच शाळेत चालली आहे. सगळं खरं होतं, पण चारांपैकी एकाही दारापाशी जाणारं नव्हतं.

३० चा प्रश्न नसेल (संख्या २५ आहे, किंवा मूल इयर थ्रीमध्ये जातंय) तर मात्र हेच मुद्दे कामाचे आहेत. तिथे पॅनल तराजू धरतं: एक मूल वाढल्याने शाळेचं किती बिघडेल, आणि न घेतल्याने मुलाचं किती. अशा वेळी ‘ही शाळा का’ हे पुराव्यासकट लिहा. दुसऱ्या शाळेची निंदा करू नका, त्याने पारडं हलत नाही.

४. चूक शोधा

आता काम गुप्तहेराचं. शाळेचे त्या वर्षीचे प्रवेशनियम वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि आपल्या अर्जाशेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा.

अंतर कसं मोजायचं ते नियमांत लिहिलेलं असतं: सरळ रेषेत की चालण्याच्या रस्त्याने, घराच्या कोणत्या बिंदूपासून, शाळेच्या कोणत्या गेटपर्यंत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर इमारतीचं मुख्य दार धरलं की इमारतीचा मध्य, ते बघा. गूगल मॅपवर आकडा वेगळा आला म्हणून उड्या मारू नका. कौन्सिलचं मोजमाप तिच्या स्वतःच्या प्रणालीतून होतं आणि तेच धरलं जातं. त्यांनी स्वतःच्याच नियमाप्रमाणे मोजलं का, एवढाच तुमचा प्रश्न.

मग लेखी प्रश्न विचारा. अपिलासाठी पालकांनी वाजवी माहिती मागितली तर ती द्यावी लागते. मैत्रिणीसाठी आम्ही ईमेलमध्ये एवढंच विचारलं होतं: प्रत्येक गटातून किती मुलं घेतली? आमचं मूल कोणत्या गटात धरलं? अंतराची दोन टोकं कोणती? रिसेप्शनमध्ये आज किती मुलं आहेत?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच तिचं काम झालं. तिचा थोरला त्याच शाळेत इयर वनमध्ये होता आणि अर्जात भावंडाचा रकाना भरलेला होता. पण उत्तरात धाकट्याचा गट होता ‘अंतर’. थोरल्याचं आडनाव शाळेच्या नोंदीत एका अक्षराने चुकलेलं होतं, त्यामुळे जुळणी झाली नव्हती. आपली आडनावं इंग्रजीत कोण कशी लिहील सांगता येत नाही. पासपोर्ट, जन्मदाखला आणि शाळेचा फॉर्म यांत स्पेलिंग एकच आहे का, हे अर्ज भरतानाच तपासा. तिच्या बाबतीत ‘ग’ हे दार सताड उघडं होतं. सुनावणीच्या आठ दिवस आधी कौन्सिलने स्वतःहून जागा दिली.

चूक सापडली नाही तर? मग ती नाही हे मान्य करा. अपील तरीही करता येतं, पण सगळा जीव वेटिंग लिस्टमध्ये ठेवा (पायरी ८).

५. फॉर्म, मुदत आणि कागद

नकार कळल्यापासून अपिलासाठी किमान २० शाळेचे दिवस मिळतात. नेमकी तारीख पत्रात असते. शनिवार, रविवार, बँक हॉलिडे आणि शाळेच्या सुट्ट्या यात धरत नाहीत, म्हणून ही तारीख सहसा मेच्या मध्यावर येते. मुदतीत आलेल्या अपिलांची सुनावणी त्या तारखेपासून ४० शाळेच्या दिवसांत व्हायला हवी. सुनावणीची सूचना किमान १० शाळेचे दिवस आधी येते.

वर्षाच्या मध्येच भारतातून आलात किंवा घर बदललंत आणि जागा नाकारली गेली, तरी अपिलाचा हक्क तोच. तिथे सुनावणी अपील दाखल झाल्यापासून ३० शाळेच्या दिवसांत.

दोन शाळांसाठी अपील करायचं असेल तर दोन वेगळे फॉर्म लागतात. कागद हे हाताशी ठेवा:

- नकाराचं पत्र आणि मूळ अर्जाची प्रत, अर्ज मिळाल्याच्या ईमेलसकट
- शाळेचे त्या वर्षीचे प्रवेशनियम
- कौन्सिल टॅक्सचं बिल आणि टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट
- मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट
- भावंड शाळेत असल्याचा पुरावा
- वैद्यकीय पत्र असेल तर, आणि ते आधी कधी दिलं होतं याचा पुरावा
- कौन्सिलशी झालेला सगळा पत्रव्यवहार, तारखेप्रमाणे लावून

पुरावा पाठवण्याची मुदत फॉर्मच्या मुदतीहून वेगळी असते. ती चुकली की अपिलाचं काम बघणाऱ्या क्लार्कच्या मेहेरबानीवर राहावं लागतं.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा सल्ला हमखास येतो: ‘शाळेजवळ राहणाऱ्या मामाचा पत्ता द्या.’ देऊ नका. कौन्सिली पत्ते तपासतात, आणि खोट्या पत्त्यावर मिळालेली जागा काढून घेतली जाऊ शकते. मूल शाळेत रुळायला लागलेलं असताना हे झालं तर त्याला काय सांगणार?

दुसरा ग्रुपी सल्ला: ‘फॉर्मवर एकच शाळा लिहा, म्हणजे तीच द्यावी लागते.’ साफ खोटं. तुम्ही शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली हे शाळा बघत नाही. ती फक्त आपल्या नियमांत तुम्ही बसता का ते बघते. लंडनमध्ये सहा आणि इतरत्र किमान तीन शाळा लिहिता येतात. सगळे रकाने भरा.

६. पत्र एका पानाचं

पहिल्या ओळीत मुद्दा: “आमच्या अर्जाला भावंडाचा निकष लावला गेला नाही.” मग पुरावा. मग तो निकष लावला असता तर जागा का मिळाली असती ते. हे शेवटचं लोक विसरतात. नुसती चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळेच जागा गेली हे दाखवावं लागतं. अंतर दहा मीटरने चुकलं असेल, पण तुमच्यापुढे तरीही पंधरा मुलं असतील, तर ती चूक कामाची नाही.

इंग्रजी साधं चालतं. माझं पत्र एका सहकाऱ्याने ‘सुधारून’ इतकं वकिली केलं होतं की सुनावणीत मलाच त्यातला एक शब्द समजावून सांगता येईना.

७. सुनावणी

आमची सुनावणी जूनच्या शेवटी, दुपारी पावणेदोनला, व्हिडिओवर झाली. काही ठिकाणी समोरासमोरही होते. पॅनलवर किमान तीन जण असतात. ते ना कौन्सिलचे, ना शाळेचे. एक क्लार्क टिपणं घेतो आणि नियम सांगतो. कौन्सिलच्या बाजूने एक अधिकारी बोलतो. क्रम ठरलेला: आधी तो बोलतो, त्याला तुम्ही आणि पॅनल प्रश्न विचारता, मग तुम्ही बोलता, तुम्हाला प्रश्न, शेवटी दोघांचं थोडक्यात म्हणणं. एकाच शाळेची बरीच अपिलं असतील तर कौन्सिलची बाजू सगळ्यांना एकत्र ऐकवतात.

सोबत कुणालाही नेता येतं. दुभाषी हवा असेल तर फॉर्मवरच लिहा, आयत्या वेळी सांगू नका. मूल नेऊ नका.

माझं बोलणं झालं. अध्यक्षबाई अगदी मायेने ऐकत होत्या, मान हलवत होत्या, मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी विचारलं, “प्रवेशाचे नियम लावताना नेमकी कुठे चूक झाली असं तुम्हाला वाटतं?” मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कागद उलटसुलट केले. खिडकी बंद करायची राहिली होती, आणि तेवढ्यात मैदानावरची शिट्टी वाजली. ती त्यांनाही ऐकू गेली असावी, कारण त्या किंचित हसल्या. निकाल पाच शाळेच्या दिवसांच्या आत आला. नकार.

एक प्रश्न तयार ठेवा आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत पाठ करा. तो प्रश्न वरचाच आहे.

८. वेटिंग लिस्ट

अपील हे एक दार, वेटिंग लिस्ट हे दुसरं, आणि ३० च्या वर्गांसाठी माझ्या मते दुसरंच जास्त वेळा उघडतं. ही यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते. त्यानंतर चालू ठेवायची असेल तर पुन्हा कळवावं लागेल का, ते विचारून घ्या. काही ठिकाणी नाव यादीत आपोआप घातलं जातं, काही ठिकाणी सांगावं लागतं. आपलं आहे का ते लेखी तपासा.

या यादीत आधी आला तो पुढे असं नसतं. क्रम प्रवेशाच्या निकषांप्रमाणेच लागतो आणि नवीन नाव आलं की पुन्हा लावला जातो. मेमध्ये आम्ही सातवे होतो, जूनमध्ये नववे. मी तणतणत फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की शाळेला लागूनच्या रस्त्यावर दोन कुटुंबं राहायला आली. जुलैत चौथे, सप्टेंबरात दुसरे. पहिल्या आठवड्यात काही मुलं येतच नाहीत: कुणी गाव बदललेलं असतं, कुणी खाजगी शाळेत गेलेलं असतं. त्या दिवसांत फोन हाताशी ठेवा आणि अनोळखी नंबर उचला.

घर बदललंत तर नवा पत्ता लगेच कळवा, क्रम वर सरकू शकतो.

९. अपील हरल्यावर

पॅनलने होकार दिला तर तो शाळेवर बंधनकारक असतो. नकार दिला तर त्याच शाळेसाठी त्याच शैक्षणिक वर्षात पुन्हा अपील सहसा करता येत नाही, परिस्थितीत मोठा बदल झाला असेल तर गोष्ट वेगळी.

सुनावणीच्या पद्धतीतच घोळ झाला असेल (तुमचे कागद पॅनलला दिलेच नाहीत, बोलू दिलं नाही) तर कौन्सिल किंवा चर्चच्या शाळेबाबत लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे (स्थानिक कारभाराच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) तक्रार करता येते. अ‍ॅकॅडमी असेल तर शिक्षण विभागाकडे. ते जागा देत नाहीत. चूक सापडली तर नवी सुनावणी घ्यायला सांगू शकतात. ‘निकाल आवडला नाही’ हे कारण तिथे चालत नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

आणि फोन येण्याआधीच घरात ठरवून ठेवा की आता जागा आली तर मूल हलवायचं की नाही. आम्हाला फोन आला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका गुरुवारी, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं. तोवर धाकटीला त्या लांबच्या शाळेत एक मैत्रीण मिळाली होती आणि हेजहॉगचं चित्र लावलेली स्वतःची खुंटीही. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं बोलत बसलो. शेवटी हलवलं. पहिले आठ दिवस ती रोज झोपताना विचारायची, हेजहॉगच्या खुंटीवर आता कुणाची बॅग लावतात.